सासरेबुवांना दहापैकी एक

अरे थांब, फोन ठेवू नकोस, आधी ऐक! तुझं जेवण नंतर, जेवण कुठे पळून चाललंय? आत्ता, अगदी आत्ता, माझ्या फोनवर एक मेसेज आलाय आणि तो वाचून हसावं की रडावं तेच कळेना. पण नुसता मेसेज वाचून दाखवला तर तुला काही कळायचं नाही. मुळापासून सांगावं लागेल. मुळापासून म्हणजे आमच्या सासरेबुवांच्या दाढेपासून.

नाही, त्याच्याही आधीपासून. माझ्या नोकरीपासून.

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो, हे तुला माहितीये. लोक गाडी ठोकल्याचे, सामान भिजल्याचे कागद पाठवतात आणि त्यातलं खोटं काय ते मी शोधतो. दिवसभर संशय घ्यायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा. (बायको हेच काम फुकटात करते.) आमच्या साहेबांचं एक वाक्य आहे: सगळे साक्षीदार शब्दाला शब्द एकच बोलायला लागले, तर समजावं की सगळ्यांनी एकाच टपरीवर चहा घेतलाय. हे वाक्य लक्षात ठेव. मी ठेवलं, तिथेच घात झाला.

आता ही सवय घरी आली की काय होतं, तर मी सिनेमा बघायच्या आधी रेटिंग बघतो आणि रेटिंग बघायच्या आधी त्याचं पोस्टमॉर्टेम करतो. बायको म्हणते, "आपण सिनेमा बघायला बसतो आणि तुझाच सिनेमा सुरू होतो." पण तूच सांग ना, नुसत्या आकड्यावरून काय कळतं? साडेनऊ! कोणी दिले? किती जणांनी दिले? वीसेक जणांनी मिळून साडेनऊ दिले तर ते रेटिंग नव्हे, ते घरचं कार्य. म्हणून आकडा बघायचाच नाही, किती जणांनी किती गुण दिले ते दाखवणाऱ्या खालच्या पट्ट्या बघायच्या. खऱ्या सिनेमाच्या पट्ट्या मधे फुगलेल्या असतात, पोट सुटलेल्या माणसासारख्या. थोडे वेडे वर, थोडे चिडके खाली, बाकी जनता आपली सहा-सातात. नुसते दहा आणि नुसते एक दिसले, तर तिथे मारामारी चालू आहे. आणि नुसते दहाच दिसले, तर नातेवाईक.

आणि ते टक्केवालं तर त्याहून फसवं. चौऱ्याण्णव टक्के म्हणजे सिनेमा शंभरात चौऱ्याण्णव मार्कांचा, असं नाही रे! शंभरातले चौऱ्याण्णव जण "बरा आहे" म्हणाले, एवढंच. बरा आहे असं तर लोक आमच्या कॅन्टीनच्या चहालाही म्हणतात.

असो. आता सासरेबुवा.

आमच्या भाड्याच्या घरात फरशीचं काम निघालंय, म्हणून सध्या आम्ही दोघं सासरी राहतोय. (घरजावई म्हणू नकोस, फरशी लावून झाली की जाणारे आम्ही.) बाबा, म्हणजे सासरे, पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्याच बाथरूममधून पाणी गळतं आणि ते खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीवर, थेंब थेंब पडतं. यावरून दोघांचं वर्षभर बिनसलेलं. तरी दाढ दुखली की बाबा त्यांच्याचकडे जाणार, कारण जिना एकच.

तर या बाबांना रिटायर झाल्यावर एका मालिकेत काम मिळालं! एका नव्या, छोट्याशा ॲपवरची कोर्टाची मालिका. आठ भाग. बाबा न्यायाधीश. आठही भागांत खुर्चीवर बसायचं, हातोडा आपटायचा आणि "शांतता राखा!" म्हणायचं. पण माणूस इतका खूश, की घरात कुकरची शिट्टी झाली तरी "शांतता राखा!"

आणि दिग्दर्शकाने सांगितलेलं, "काका, शनिवारी वरची मंडळी बसणार आहेत. आपलं रेटिंग आठच्या वर राहिलं तर दुसरा सीझन पक्का. त्यात तुमच्या न्यायाधीशाला घर असेल, भूतकाळ असेल." भूतकाळ! बाबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. साठ वर्षं साधा सरळ जगलेला माणूस, त्याला पहिल्यांदा कोणीतरी भूतकाळ देणार होतं. तेव्हापासून ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघत उसासे टाकायचे. आई, म्हणजे सासूबाई, विचारायच्या, "काय झालं हो?" तर म्हणायचे, "तयारी."

मालिका आली आणि लगेच रेटिंग पूर्ण दहा. आई नाचायच्या बाकी राहिल्या. मी पट्ट्या उघडल्या. चाळीस मतं, चाळीसही दहा. आईंचा सकाळी फिरायला जाणारा ग्रुप, बायकोचं ऑफिस, बाबांचं जुनं खातं. एकाने तर लिहिलं होतं, "पाणी सोडण्याच्या कामातही साहेब असेच उत्कृष्ट होते." अरे, हे कोणीही ओळखेल! वरची मंडळी बघतील, म्हणतील, हा तर घरचा कारभार, आणि बाबांचा भूतकाळ गेला!

मी आईंना म्हटलं, "आई, हे फार गोड झालंय. थोडं कमी-जास्त हवं."

"जावयाच्या तोंडून सासऱ्याचं कौतुक निघत नाही ते नाहीच," आई बायकोला म्हणाल्या. मला नाही, बायकोला. मी समोरच होतो.

मग मी ठरवलं, वाचवायचं ना बाबांना, तर गुपचूप वाचवू. खऱ्या क्लेममध्ये एक तरी साक्षीदार भांडकुदळ असतो. तो आपण व्हायचं! पण मी आहे प्रामाणिक माणूस. बघितल्याशिवाय मत देणार नाही. मी आठही भाग बघितले. ऑफिसच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, कानात इअरफोनची बोंडं घालून, एक सेकंद पुढे न ढकलता. मग "निष्पक्ष" असं टोपणनाव घेऊन दहापैकी एक दिला. (सहा देणार होतो. पण चाळीस दहांमध्ये एक सहा म्हणजे कोणाचं तरी बोट घसरलं असं वाटलं असतं.) आणि खरं वाटावं म्हणून खाली लिहिलं: "मालिका ठीक. पण सहाव्या भागात न्यायाधीश डोळे मिटून विचार करतात की झोपतात, हे शेवटपर्यंत कळत नाही."

रेटिंग नऊ पूर्णांक आठ झालं. किती सुंदर, किती खरं वाटणारा आकडा! मी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी उठलो तर घरात सुतक.

बाबा आरामखुर्चीत, चष्मा कपाळावर, फोन हातात. आई म्हणत होत्या, "जाऊ द्या हो, कोणीतरी मेला रिकामटेकडा असेल."

"रिकामटेकडा नाही," बाबा म्हणाले, "सहाव्या भागापर्यंत आलाय हा. मित्र एवढं बघत नाहीत. हे शत्रूचं काम." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही यातले जाणकार. ही केस आता तुमच्याकडे."

मी म्हटलं, "बाबा, सोडून द्या ना."

"सोडून? माझ्या भूतकाळाचा प्रश्न आहे!"

आता तू म्हणशील, गाढवा, मत काढून टाकायचंस. मीही तेच करायला फोन काढला! तेवढ्यात बाबा म्हणाले, "आणि हो, आपण शोध घेतोय हे फक्त आपल्या चौघांना माहिती आहे. आता ते मत जर अचानक गायब झालं, तर समजायचं की चोर या चार भिंतींच्या आत आहे." हे त्यांना कोणी शिकवलं? मीच! गेल्या महिन्यात जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की आम्ही खोटे क्लेम असे पकडतो. फोन मुकाट खिशात गेला.

संध्याकाळी चौकशी. बाबा म्हणाले, "काय निघालं?"

मी म्हटलं, "काम… जवळच्या माणसाचं दिसतंय." (आयुष्यात इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो.)

"किती जवळच्या?"

"म्हणजे… फार लांबचा नाही."

"ज्याच्या मनात आपल्याबद्दल अढी आहे असा?"

"असू शकेल."

"ज्याच्या डोक्यावर आपलं पाणी पडतं असा?"

मी काही बोललो नाही रे! शप्पथ! मी फक्त नाही म्हणालो नाही. पण बाबांनी जमिनीकडे असं बघितलं, जणू फरशीतून खालचा डॉक्टर दिसतोय. "दातांचा डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले. "तरीच परवा विचारत होता, सहावा भाग कधी येणार म्हणून."

झालं. आणि इथे ती दाढ येते. बाबांच्या दाढेचं रूट कॅनल चालू होतं, अर्धं झालेलं. वर तात्पुरतं सिमेंट भरलं होतं, पुढच्या खेपेला पक्कं करायचं होतं. बाबांनी जायचंच बंद केलं! "ज्या माणसाने मला एक दिला, त्याच्यासमोर मी तोंड उघडणार नाही." मी म्हटलं दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणे, "म्हणजे त्याला कळेल की मला लागलं. नाही."

दाढ कोणाचं ऐकते? गाल टम्म फुगला. न्यायाधीशाचा एका बाजूने पैलवान झाला. माणूस पेज पितोय, कळवळतोय, तरी उसाशांची तयारी चालूच. आणि मी समोर बसून चपाती खातोय. अरे, ती चपाती मला जाईना!

तिकडे आईंनी वेगळीच आघाडी उघडली. एकाचा सूड शंभर दहांनी घ्यायचा! फिरायचा ग्रुप, फिरायच्या ग्रुपच्या सुना, सुनांच्या माहेरची माणसं. (तुलाही मी मेसेज केला होता, आठवतंय ना? आईंनी माझ्या मागे उभं राहून करायला लावला होता.) मतं भराभर वाढली. शंभर झाली. आणि शंभरावं मत पडलं तसं रेटिंग धाडकन खाली आलं.

एक.

एक पूर्णांक शून्य!

आई किंचाळल्या. बायको म्हणाली, "ॲप बिघडलं." बाबा तर नुसते आ वासून बघत राहिले, म्हणजे गालामुळे जेवढा वासता येईल तेवढा. आणि दारावरची बेल वाजली.

दारात दातांचे डॉक्टर. पांढरा कोट, हातात मोजे तसेच. "काय हो, आलाच नाहीत? ते सिमेंट तात्पुरतं आहे म्हटलं होतं ना? बघू… बापरे! किती सूज!"

बाबांनी तोंडावर हात धरला आणि बोट रोखून म्हणाले, "तुम्ही मला एक दिलात!"

"एक नाही, दोन दिली होती," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनं ना? तरी दुखलं?"

"रेटिंग! मालिकेला!"

"मालिका? हां हां, लावतो की दवाखान्यात! पण मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही हो. पेशंट मात्र तुम्हाला बघून एकदम गप्प बसतात. पहिला भागच दिवसभर लावून ठेवलाय. सहाव्यात ती साक्ष आहे म्हणे, कधी येणार तो?"

"तो येऊन गेला," बायको म्हणाली.

"आणि रेटिंग कुठून देतात?" डॉक्टरांनी विचारलं. अगदी निरागस चेहऱ्याने! माझ्या बरगड्यांच्या आत कोणीतरी ड्रिल लावलं.

तेवढ्यात आई चष्मा चढवून म्हणाल्या, "अहो, हा हिरवा डोळा कसला? फक्त त्या मेल्या निष्पक्षच्या नावापुढे आहे. बाकी कोणाच्या नाही."

बायकोने फोन घेतला, डोळ्यावर बोट दाबलं आणि मोठ्याने वाचलं: "पूर्ण मालिका पाहिलेला प्रेक्षक. शंभर मतांनंतर रेटिंग फक्त पूर्ण मालिका पाहिलेल्या प्रेक्षकांच्या मतांवरून काढले जाते." मग तिचा आवाज बारीक झाला. "पूर्ण पाहिलेले प्रेक्षक… एक."

रूममध्ये एवढी शांतता, की बाबांना ती राखायला सांगावी लागली नाही.

बाबांनी आईंकडे बघितलं. "तू बघितली नाहीस?"

"बघितली की! तुमचे सगळे सीन बघितले. मधलं ते वकिलाचं जरा… पुढे ढकललं."

"आणि तू गं?"

"बाबा, तीन भाग झाले माझे," बायको म्हणाली. "मग ऑफिसमध्ये जरा…"

बाबा खाली बसले. फुगलेला गाल हातात धरून म्हणाले, "शंभर माणसं. आणि एकानेही बघितली नाही." चिडून नाही रे, अगदी हळू. मग म्हणाले, "जाऊ दे. माझीच हौस होती."

तुला सांगतो, त्यांचा तो चेहरा मला बघवेना. त्या क्षणी मी क्लेम विसरलो, पट्ट्या विसरलो, साहेबांचं वाक्य विसरलो. त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "बाबा, असं म्हणू नका. मी बघितलीय. आठही भाग. एक सेकंद पुढे न ढकलता."

"खरंच?" त्यांचा अर्धा चेहरा उजळला. (अर्धाच हलत होता.) "आठही?"

"आठही! शेवटच्या भागात तुम्ही चष्मा काढून पुसता ना, तो तर काय सुंदर…"

आणि मग मला ऐकू आलं, की बोलतोय फक्त मीच. वर बघितलं. आई माझ्याकडे बघत होत्या. बायको फोनकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोनकडे.

"पूर्ण पाहिलेले प्रेक्षक, एक," बायको पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक नव्हता.

डॉक्टरांनी मोजे काढले आणि म्हणाले, "मी खाली जातो."

पुढचा अर्धा तास मी सांगत नाही. आईंनी मला काय काय म्हटलं त्यातलं "अस्तनीतला निखारा" हे सगळ्यात सौम्य होतं. मी चहाची टपरी, साक्षीदार, पोट सुटलेल्या पट्ट्या सगळं समजावून सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे बाबांना वाचवायला तू बाबांनाच बुडवलंस, आणि वर बिचाऱ्या डॉक्टरांवर ढकललंस?" इतक्या थोडक्यात आमचे साहेबसुद्धा रिपोर्ट लिहीत नाहीत.

बाबा मात्र मला जवळ बोलावून कानात म्हणाले, "जावईबापू, सहाव्या भागात मला खरंच झोप लागली होती. दिग्दर्शकाला कळलं नाही, कॅमेरावाल्याला कळलं नाही. तुम्हाला कळलं!" आणि उठून खाली गेले, दाढ दाखवायला. जाता जाता दारातून निकाल दिला, "उद्या सगळ्यांनी बसून आठही भाग बघायचे. कोणी पुढे ढकलायचं नाही. मग ज्याला जे वाटेल ते मत द्यायचं, खरं. डॉक्टरांनाही बोलावतो."

बसलो. मी दुसऱ्यांदा. वकील बोलायला लागला की आईंचा हात रिमोटकडे जायचा आणि बाबा म्हणायचे, "शांतता राखा!" सहावा भाग आला, बाबांचे डोळे मिटले, डॉक्टर पुढे सरकून म्हणाले, "झोपलेच की हो!" आणि पहिले हसले ते बाबा, गाल धरून.

मग मतं. आईंनी दहाचे सहा केले. बायकोने पाच. डॉक्टरांनी विचारपूर्वक सात दिले, आणि बाथरूमच्या गळतीवर दोन शब्द लिहिले. बाबांनीही स्वतःची मालिका पहिल्यांदाच सलग बघितली होती. त्यांनी चार दिले! आणि मी? मला इतकी लाज वाटत होती, की मी माझ्या एकाचे थेट दहा केले. खाली लिहिलं, "न्यायाधीश अप्रतिम. विशेषतः सहाव्या भागात."

रेटिंग झालं साडेसहाच्या आत-बाहेर. आठ काही गाठले नाहीत. शनिवारी आम्ही फोनभोवती बसलो, बाबा तर भूतकाळाला निरोप देऊनच बसले होते. आणि दिग्दर्शक ओरडतोय, "काका, काय जादू केलीत? आपल्या ॲपवर एकही मालिका कोणी शेवटपर्यंत बघत नाही! आपल्याला पाच हिरवे डोळे आहेत! वरची मंडळी एकदम खूश! दुसरा सीझन पक्का. आणि तो झोपणारा न्यायाधीश सगळ्यांना आवडलाय. आता त्याला भूतकाळ देतोय, रात्रपाळीचा!"

घरात आनंदीआनंद. बाबा आता झोपेची तयारी करतायत, दुपारी दोन तास, मन लावून. आईंनी मला माफ केलं. (म्हणजे "हिरवा डोळा जेवायला या," असं म्हणतात. पण जेवायला बोलावतात.) मला वाटलं, मिटलं.

आणि आत्ता हा मेसेज. ॲपवाल्यांचा. ऐक, वाचतो: "प्रिय निष्पक्ष, आपण एकाच मालिकेला आधी एक व नंतर दहा गुण दिल्याने आपले मत संशयास्पद आढळले आहे. ते रद्द करण्यात येत असून आपला हिरवा डोळा काढून घेण्यात येत आहे."

संशयास्पद! मी! बारा गावच्या खोट्या क्लेमांचं पाणी प्यायलेला मी! दोनदा बघितली रे ती मालिका, घरात दुसऱ्या कोणी दोनदा बघितलीय? बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबर पकडलं त्यांनी. कोण तपासतो रे तिकडे? त्याला तुमच्या ऑफिसात घ्या."

आता तू सांग. हसू नकोस, सांग! एक दिला तर निखारा, दहा दिले तर चोर. तू माझ्या जागी असतास तर किती दिले असतेस? आणि तुझे ते दहा अजून तिथे दिसतायत, त्यांच्यापुढे डोळा का नाहीये, तेही जरा सांगशील?